कोण कुठे आहे

कंपनीने सांगितलं होतं, नवीन काहीतरी शिका, नाहीतर घरी बसा. म्हणून पन्नाशीत मी घरी बसून शिकत होतो.

माझी पहिली वेब सर्व्हिस साधीच होती. ब्राउझरमधल्या पत्त्याच्या शेवटी नाव टाकलं की तो माणूस घरात कुठे आहे ते सांगायची. उत्तरं अर्थात मीच भरून ठेवलेली. ‘बायको’ टाकलं, ‘स्वयंपाकघरात’ आलं. ‘मुलगी’ टाकलं, ‘पलंगावर’ आलं.

“चालली की, बाबा! आता स्वतःला विचारा,” मुलगी पलंगावरूनच ओरडली.

मी ‘मी’ टाकलं. तिथे ‘खुर्चीत’ असं भरलेलं होतं. उत्तर आलं, ‘असं कोणी नाही.’

पुन्हा टाकलं, तेच. कोड उघडून पाहिला. ‘खुर्चीत’ जागच्या जागी होतं.

“अगं, जरा येतेस का इकडे?” मी हाक मारली.

मुलगी आली. दारात थांबून तिने खोलीभर नजर फिरवली.

“आई, लॅपटॉप चालू ठेवून बाबा कुठे कडमडले गं?”

“असतील इथेच. जाऊन जाऊन जाणार कुठे?”

मुलगी खुर्चीकडे आली. मी अंग चोरून घेतलं.

ती ऐसपैस बसली.