बावीस पोस्टरं

ऐक, फक्त ऐक. मध्ये एक शब्द बोलायचा नाही.

तर स्वराली आठ दिवस डेंग्यू होऊन पडलेली. बरी होऊन पहिल्यांदाच कॉलेजच्या गेटातून आत शिरते, तर समोर पोस्टर. जिन्यात पोस्टर. कँटीनच्या भिंतीवर, पाण्याच्या कूलरवर, जिथे बघावं तिथे पोस्टर. ‘परीक्षेत कुणाचा तरी हात व्हाल?’ खाली क्यूआर कोड आणि कोपऱ्यात बारीक, वळणदार सही. मेहजबीन.

असा जळफळाट झाला ना तिचा, की ताप परत चढला असता.

हे त्यांच्या लेखनिक गटाचं. म्हणजे ज्यांना दिसत नाही त्या मुलांनी उत्तरं सांगायची आणि या लोकांनी पेपर लिहायचा. दर जुलैला नवीन मुलं गोळा करतात. प्रत्येकाला आपापला कोड. स्कॅन केला की फॉर्म उघडतो, वर नाव येतं, कुणामुळे आलात ते. ज्याच्या नावावर जास्त मुलं, तो पुढच्या वर्षीचा गटप्रमुख. आणि गटप्रमुख आपणच, हे स्वरालीनं फर्स्ट इयरलाच ठरवून टाकलेलं. दोन वर्षांत सत्तावीस पेपर लिहिले होते तिनं! मेहजबीन तर गेल्या वर्षी आली. लोणी काळभोरहून, दोन बस बदलून.

"बरं वाटतंय का आता?" मेहजबीन पळतच आली. "किती उतरलीस गं."

"तू मात्र छान दिसतेयस. भिंतीभिंतीवर."

मेहजबीन हसली. हिला टोमणे कळत नाहीत, की कळूनही ही हसते, हे स्वरालीला कधीच समजलं नाही.

आणि एवढंच असतं तर ठीक होतं. आजारपणात ही नारायण पेठेत घरी येऊन गेलेली, पपईच्या पानांचा रस घेऊन. तेव्हापासून आईचं एकच. "शिक जरा त्या पोरीकडून." त्या दिवशी निघताना मेहजबीन वर म्हणते, "तुझा कोड पाठवून ठेव गं." अंगात एकशे तीन ताप. स्वरालीनं पाठवला आणि कूस बदलली. आकडे तपासायचे असतील बाईंना!

आकडे असे होते, मेहजबीन अडतीस, स्वराली एकतीस. खरं तर अंथरुणात पडूनही स्वरालीचे बारा वाढले होते. वर्गावर्गात घसा फोडून बोललो ते वाया नाही गेलं, असं तिला वाटलं. पण अडतीस ते अडतीस.

मग तिनं काय केलं माहितीये? झेरॉक्सवाल्याकडून स्वतःच्या कोडचे बावीस स्टिकर छापून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला कॉलेजात हजर. झाडणाऱ्या सोजरबाई सोडल्या तर चिटपाखरू नाही.

"आज लवकर गं?"

"पोस्टरं सुटतायत मावशी, चिकटवते."

बावीस पोस्टरं, बावीस स्टिकर. कोडवर कोड. कळतंय कुणाला? काळे-पांढरे चौकोन, सगळे सारखेच दिसतात.

आणि आकडे पळायला लागले! रोज तीन, रोज चार. स्वराली लेक्चरमध्ये बाकाखाली फोन धरून मोजायची. फक्त एक गोष्ट खुपत होती. मेहजबीनचे आकडेही थांबेनात. पोस्टरं गेली तरी हिला मुलं मिळतात कुठून? बसमध्ये गाठते की काय?

शनिवारी मीटिंग. सलिलदादा, म्हणजे मावळता गटप्रमुख, त्यानं आकडे वाचले. मेहजबीन एकावन्न. स्वराली त्रेपन्न. टाळ्याच टाळ्या. सगळ्यात जोरात कुणाच्या? मेहजबीनच्या.

"एक मिनिट," आमोद म्हणाला. आमोदला जन्मापासून दिसत नाही, गटाचे निम्मे नियम त्यानंच केलेत. दाराशेजारच्या पोस्टरवरून तो बोटं फिरवत होता. "यावर काहीतरी वरून चिकटवलंय."

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

त्यानं फोन धरला. त्याचा फोन स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवतो, त्या सपाट आवाजात. "लेखनिक गट नोंदणी. कुणामुळे आलात. स्वराली."

"मेहजबीनच्या पोस्टरवर?" सलिलदादाचा चेहरा बदलला.

"राहू दे ना आमोद." मेहजबीन एकदम उठली. "फाटेल ते."

आणि स्वरालीच्या तोंडून निघून गेलं, "हिनंच लावलं असेल! मला चोर ठरवायला! नाहीतर हिला एवढं घाबरायला काय झालं?"

मेहजबीननं तिच्याकडे एकदा बघितलं. मग खाली बसली.

"भांडू नका. खाली कुणाचा आहे ते बघू की," आमोद म्हणाला. नखानं त्यानं स्टिकरचा कोपरा उचलला. हळूहळू सोलला, खालचा कागद जराही न फाडता. त्याचा हात फारच हलका आहे. मग परत फोन धरला.



"लेखनिक गट नोंदणी," फोन म्हणाला. "कुणामुळे आलात. स्वराली."

आता बोल. तिच्या जागी तू असतीस, तर काय केलं असतंस?