ओट्याची उंची

नवऱ्यानं, ज्ञानूनं, जुनी व्हॅन घेऊन केडगावच्या गॅरेजात फिरतं घर करायला टाकलीय, हे बानूबाईला जावेकडून कळलं. घरी तो नुसतं "कामाला चाललोय" म्हणायचा. ज्याच्या मेंढरांमागं आपण पंचवीस वर्षं कोकणापर्यंत चाललो, तो आता आपल्याला चोरून कुणाला घेऊन फिरणार, या विचारानं तिला घास गोड लागेना. शेवटी एका सकाळी ती जीप धरून थेट गॅरेजवर गेली.

गाडीत फिटर गॅसच्या नळीच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून गळती तपासत होता. सिलिंडरला वेगळा कप्पा होता, त्याच्या तळाला हवेसाठी भोकं पाडली होती, आणि ओट्यावर कोरी शेगडी बसली होती. बानूबाई शेगडीपुढं उभी राहिली, तर ओटा तिच्या छातीला आला. गावातली एकेक उंच बाई तिच्या डोळ्यांपुढून गेली.

"एवढा उंच ओटा कुणाच्या मापाचा?" तिनं फिटरला विचारलं.

"मालकांनीच माप दिलं, मावशी."

तेवढ्यात ज्ञानू गाडीत चढला आणि तिला बघून जागीच थबकला.

"कोण हाय ती?" बानूबाई म्हणाली. "खरं सांगा."

ज्ञानूनं मान खाली घातली.

"माज्या मापाचा हाय. तीन दगडं मांडून लई वर्सं रांधलंस तू, आता फिराया निघालो की सैपाक मी करणार."