तिसऱ्याला जागा

लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून तनुजा आईबाबांना चार दिवस बँकॉकला पाठवणार होती. सकाळपासून ती मोबाइलवर हॉटेलं दाखवत होती आणि केवळाबाई एकेक उडवून लावत होत्या.

"ह्या खोलीत सोफा हाय. नको."

"आई, हितं जादा गादीबी देतात."

"मग तर मुळीच नको. सगळ्यात लहान खोली दाव."

शेवटी एक सापडली. एक पलंग, एक खिडकी, बाकी जेमतेम चपला काढण्यापुरती जागा.

"हीच!" केवळाबाईंनी टाळी वाजवली. शेषेराव खो खो हसले.

तेवढ्यात बेल वाजली. नांदेडात दवाखान्यासमोर घर. पस्तीस वर्षांत एक रात्र पाहुण्यांवाचून गेली नव्हती. दारात शेषेरावांचे भोकरचे धाकटे भाऊ होते, मागं पिशव्या घेतलेले तिघं.

"वहिनी, गुडघा दाखवायचाय. आठ दिवस मुक्काम हाय."

"या की भाऊजी! रहा निवांत. सोमवारी आम्ही चाललो बँकॉकला, किल्ली तुमच्याकडंच ठिवा."

"बँकॉकला? मग मीबी येतो की!"

केवळाबाईंनी हसत मोबाइल त्यांच्यापुढं धरला.

"लई बरं झालं असतं, भाऊजी. पण बघा की, तिसऱ्याला जागाच न्हाई."