नानांचा बिबट्या

"गोष्ट लिहायची तर जीव ओतून लिहायची," म्हणत भडगावच्या जीवरामनानांनी आपल्याच केळीच्या बागेत बिबट्या शिरल्याची गोष्ट लिहिली आणि झोकात गावाच्या ग्रुपवर टाकली. सकाळी दारात ट्रक येऊन उभा, पण घड कापायला एकही माणूस जाईना.

"अरे, मनानं रचलेली गोष्ट आहे ती," नाना कापणीच्या टोळीवाल्या रमजानला म्हणाले.

"असेल नाना. पण काय गुरगुरतो तो! लेकराबाळांचा माणूस आहे मी."

बेबाबाईंनी नवऱ्याच्या हातात विळा दिला. "मग जा तुम्हीच."

नाना बांधापर्यंत गेले, थबकले आणि तसेच माघारी आले.

"विळा ठेव, पेन आण. आधी त्याला मारतो, मग जातो."