पाचपैकी पाच

हिरव्या चहाच्या किटलीचं झाकण खडखडलं आणि संगणकासमोर गोठून बसलेली प्राध्यापिका नफीसा दचकली. दर शरदात ताश्कंदचे विद्यार्थी सक्तीच्या कापूसवेचणीला जात, म्हणून ती ब्लॉगवर शिकवायची. पूर्ण नावाशिवाय गुण नाहीत, हा नियमही तिचाच. तिची विद्यार्थिनी ओयदिन हिने शेतावरून पाठवलेल्या निबंधावर पूर्ण नाव घातलं, सोबत बोंडांनी ओरबाडलेल्या बोटांचा फोटो. खाली नफीसाचा शेरा: ‘शाब्बास, असंच खरं लिही. पाचपैकी पाच.’ सकाळी विभागप्रमुखांचा फोन आलेला. “बाई, आपल्या पोरींची बोटं अख्ख्या जगाला दाखवताय? तुम्हालाच झोळी बांधून पाठवू का शेतात? आज ते पुसा, नाहीतर पोरीचं पटावरून नाव गेलं समजा.” नफीसाने डोळे मिटून कळ दाबली. पान कोरं झालं. मांडीवरची लेक मुनिरा आत्तापर्यंत अक्षरं लावत तो शेरा वाचत होती. “आई, पाच गेले की गं!” “गेले, राणी.” “मग आता तिला किती?”