बाकी सात

"एक हजार नऊ," ज्याला सगळे शिडी म्हणत, त्याने कोष्टकातून वाचलं.

तिने भाग घातला. पेन्सिल पायरी पायरीने खाली उतरली आणि तळाशी एकटं शून्य उरलं.

वेधशाळेतल्या आकडेमोडीच्या खोलीत दुपारचं ऊन आळसावून तरंगत होतं. तेव्हा यंत्रं नव्हती. ताऱ्यांच्या जागा माणसंच हाताने काढत.

"किती?" त्याने मान वर न करता विचारलं.

"बाकी सात," ती म्हणाली आणि शून्य खोडून टाकलं.

"बरं." पान उलटायला त्याला जरा वेळ लागला. "मग एक हजार तेरा."

वरच्या फळीवरचं काही हवं असलं की सगळे त्यालाच हाक मारत, म्हणून तो शिडी. दूरच्या मोठ्या वेधशाळेने त्याला बोलावलं होतं. जायच्या आधी त्याने तिच्यापुढे हा आकडा ठेवला : एक कोटी बासष्ट हजार सातशे सत्तावन्न. कशावरून न उतरवता, पाठ असल्यासारखा लिहिला. "याला कशाने भाग जातो की हा अविभाज्यच आहे, तेवढं कळलं की निघतो," म्हणाला. तेव्हापासून चहाच्या सुट्टीत तो एकेक अविभाज्य संख्या वाची, ती भाग घाली.

आणि आज भाग गेला होता. आयुष्यात तिने कधी चुकीची बाकी सांगितली नव्हती. घरी जाताना तिला वाटलं, रस्त्यावरच्या सगळ्या खिडक्यांना ते ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी शिडीने एक रोप आणून तिच्या खिडकीत ठेवलं. "याला फुलायला दोन वर्षं लागतात."

"आणि पाणी कोण घालणार?"

"बघू."

दुपारी लांबत गेल्या. झोपेतही तो आकडा तिच्या घरातून अनवाणी फिरे; त्यातली दोन शून्यं दारं सताड उघडी टाकून जात. चहावाल्या मावशी कप ठेवताना म्हणायच्या, "काय गं, फुटलं का तुमचं ते धूड?"

"चिवट आहे, मावशी."

"आकडा, की तू?"

शेवटी तीन हजार एकशे एकोणसत्तर आलं. त्यापुढे बघायचं कारण नव्हतं. मोठा भाजक असता, तर त्याचा लहान जोडीदार आधीच सापडला असता.

"बाकी अकराशे ब्याऐंशी," ती म्हणाली. ही मात्र खरी होती.

शिडीने कोष्टक मिटलं. "म्हणजे अविभाज्य. संपलं म्हणायचं."

रोपाला नवी पानं फुटली होती. तिने त्यांच्यावरची धूळ बोटाने पुसली.

"पुन्हा पहिल्यापासून बघू या," ती म्हणाली. "माझी कुठेतरी चूक झाली असेल."

"एक झालीय. एक हजार नऊने भाग जातो."

तिने मान वर केली नाही. "तुम्हाला कधी कळलं?"

"आकडा मीच गुणून आणला होता," तो म्हणाला. "तुम्ही बाकी सात सांगितलीत, त्याच संध्याकाळी मी येत नाही म्हणून त्या मोठ्या वेधशाळेला कळवून टाकलं."