श्श, बाळ झोपलंय

"खुर्ची जरा डावीकडे घे," मालविका म्हणाली. "बेबी मॉनिटरवर अन्वी नीट दिसत नाही मला."

प्रणवने खुर्ची सरकवली. "आता?"

"आता दिसते."

इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या त्या फ्लॅटमध्ये दार लावून बसता येईल अशी खोली एकच, अन्वीची. पाळण्याच्या पलीकडे प्रणवने टेबल मांडलं होतं. वेबकॅम, दिवा, माइक. ऑनलाइन पोकर खेळायचा आणि लोकांना तो लाइव्ह दाखवायचा. बाळ झोपलेलं म्हणून कुजबुजत बोलायचं. लोकांना नेमकं तेच आवडलं. चॅनेलचं नाव, ‘श्श, बाळ झोपलंय’.

आठ महिन्यांची पोर, आणि तिची दुपारची झोप बापाने विकायला काढली होती. मालविकाच्या अंगाचा तिळपापड होई. वर सासूबाईंनी पुण्याहून व्हिडिओ कॉल करून तिलाच वेबकॅमला हळदकुंकू लावायला सांगितलं. तिने लावलंही.

"लोकांना तुझी पानं दिसतात ना?" तिने तेव्हाच विचारलं होतं.

"दहा मिनिटं उशिरा. तोवर डाव संपलेला असतो. एवढं कळतं मला."

आता चॅनेलला तीन आठवडे झाले होते. आज, रविवारी पाच वाजता खात्यात नफा असेल तर उद्या ऑफिसात नोटीस द्यायची. नसेल तर चॅनेल बंद. अन्वीच्या डोक्यावर हात ठेवून त्याने तसा शब्द दिला होता.

"आणि मॉर्गेजचे हप्ते?" तिने विचारलं होतं.

"होईल गं."

चार वाजता तो चहाला बाहेर आला, लालबुंद होऊन.

"तो ‘ब्रिस्टल जोश’ परत आलाय. बाकी सगळ्यांकडून जिंकतो मी. पण हा! माझ्याकडे चांगली पानं असली की डाव सोडून पळतो, थाप मारली की तेवढेच पैसे लावून, कॉल करून धरतो. चोर आहे साला."

"मग बसतोस कशाला त्याच्यासमोर?"

"अगं, लोक त्याच्यासाठीच तर बघतात. आज उघडा पाडतो त्याला." दारात तो थांबला. "वायफाय वापरत नाहीयेस ना? स्ट्रीम अडकते."

"मी आपली मोबाईल डेटावर. तुझ्या खेळापायी घरच्या वायफायलाही आम्ही परके."

"टोमणे नंतर मार. अजून सत्तर पौंडांनी वर आहे मी."

तो आत गेला. मालविकाने पाळण्यावरच्या कॅमेऱ्याचा मॉनिटर ओट्यावरच्या साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. प्रणवनेच हौसेने निवडलेला; झूम केलं तर पोरीच्या पापण्या मोजशील, म्हणाला होता.

नोकरी सोडणार. कर्ज डोक्यावर, पोर पाळण्यात, आणि हा पत्त्यांवर घर चालवणार.

पाचला सात मिनिटं कमी असताना मॉनिटरमधून त्याची कुजबुज आली. खात्यातल्या सगळ्या पैशांचे चिप्स पुढे सरकवलेत, तो प्रेक्षकांना सांगत होता. आता बघू जोश काय करतो.

मालविकाने झूम केलं. अन्वी गाढ झोपली होती, मूठ गालाखाली. एकेक पापणी दिसत होती. तिने चित्र थोडं वर सरकवलं. खुर्चीच्या उजवीकडे, प्रणवच्या स्क्रीनवर, त्याची दोन पानं तितकीच स्वच्छ दिसली. सत्ती आणि दुर्री. निव्वळ थाप.

आणि ब्रिस्टल जोशने, ओट्याशी उभ्या उभ्या, दुसऱ्या हातातल्या फोनवर ‘कॉल’ दाबलं.